खिडकीवरची रेष

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, नदीकाठी छापचित्रं काढणाऱ्यांचा आमचा सामायिक स्टुडिओ आहे. मी कॉमर्स शिकलेला माणूस. सत्तावीस वर्षं इथल्या किल्ल्या, वेळापत्रक आणि नियम सांभाळले. पुढच्या वसंतात निवृत्त होईन. मागे वळून पाहिलं की मला सगळ्यांत आधी आठवते ती आमची चित्रकार, डर्व्हला टूमी.

सकाळी ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि दुपारी आमच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसायची. अंगात वडिलांचा जुना कोट, खिशात सोडा ब्रेडचा तुकडा. तांब्याच्या पत्र्यावर तिने आईचं स्वयंपाकघर कोरलं होतं. चुलीवर केटली, एक रिकामी खुर्ची, समुद्राकडची खिडकी. खरं घर तोवर विकलं गेलं होतं आणि नव्या मालकाने पाडलंही होतं. त्या पत्र्यावरून चित्राच्या ठरलेल्या तीस प्रती छापल्या, तीसही लोकांनी नेल्या.

ठरलेल्या प्रती झाल्या की पत्र्यावर रेष ओढून तो बाद करायचा आणि खूण म्हणून त्या बाद पत्र्याचा एकच छाप काढायचा, हा आमचा नियम. आणखी प्रत निघणार नाही, हा चित्र घेणाऱ्याला दिलेला शब्द असतो.

डर्व्हलाने मात्र पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेला. "सोमवारी ओढते रे, फिनबार."

तो सोमवार अकरा वर्षं लांबला.

"तुझ्या कॅलेंडरात सोमवार येतो तरी का?" मी विचारायचो.

"येतो. दारात तुझं तोंड बघून परत जातो."

गेल्या शरदात बोस्टनहून तिच्या थोरल्या भावाचा, फेलिमचा, फोन आला. नळ फुटून त्याची प्रत भिजून गेली होती. त्याला दुसरी हवी होती. ती पत्रा घेऊन आली.

"एकच काढू दे. कुणाला कळणार आहे?"

"तुला," मी म्हणालो.

ती बराच वेळ खुर्चीच्या रेषांवरून बोट फिरवत राहिली. मग कोरायची सुई उचलली आणि खिडकीच्या काचेवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, खोल रेष ओढली. खुर्चीला धक्का लावला नाही. आम्ही खुणेचा छाप काढला.

"खुणेच्या बाकीच्या छापांसारखा हाही आता तुझ्या कपाटात जाणार," ती म्हणाली.

मी नियमांची फाईल काढून वाचली. "छाप काढायचा, एवढंच लिहिलंय. कुठे ठेवायचा ते नाही."

"सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कामाला आलास."

छाप बोस्टनला गेला. पंधरा दिवसांनी ती दोनदा थांबत जिना चढून आली.

"फेलिम म्हणाला, आधीच्या चित्रात चूक होती. खिडकीची ती काच लहानपणी हर्लिंग खेळताना त्याच्याच चेंडूने तडकली होती. आईने कधी बदलली नाही. मी उगाच अखंड काढली होती."

"मग तू रेष मुद्दाम तिथे ओढलीस?"

तिने कोट खुंटीला अडकवला, टेबल पुसलं आणि नवा पत्रा मागितला.