बबनरावांचं उरलेलं वाक्य

बबनराव गेल्याचं मला कुणा माणसानं सांगितलं नाही, मोबाईलनं सांगितलं. सकाळी चहा घेत होतो, तर त्यांच्या गावाच्या, मुळशीतल्या रिह्याच्या ग्रुपवर फोटो आला. कडेनं झेंडूच्या माळा, खाली दोन समया, मध्ये बबनराव आणि वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. टाकणारा कोण, तर ज्यानं दीड वर्षापूर्वी त्याच ग्रुपवर त्यांची ती क्लिप टाकून खाली हसणारी तोंडं चिकटवली होती, तोच. मागोमाग जोडलेल्या हातांची रांग लागली... मला रडू यायला हवं होतं. पण आधी त्या माणसाचा रागच आला, खोटं कशाला सांगू? मग त्यांच्या बायकोचा, सुमनचा फोन आला. “दाजी, हे गेले,” एवढंच म्हणाली. भाताच्या खाचरावर पाणी बघायला गेले होते, बांधावर बसले ते उठलेच नाहीत.

आम्ही साडू. सुमन माझ्या बायकोची धाकटी बहीण, माहेर उरवड्याचं. मी कोथरूडात राहून बँकेत नोकरी केलेला माणूस. बबनराव भातशेती करणारे आणि दोन वेळा पंचायत समितीवर निवडून गेलेले. मला ते अखेरपर्यंत ‘पाव्हणं’ म्हणाले. पहिली काही वर्षं मला त्यांच्याबरोबर चारचौघांत जायची धास्ती वाटायची, कारण हा गृहस्थ मनात येईल ते माइकवर बोलायचा. एकदा पुण्याच्या कुणा बड्या माणसानं रिह्यात फार्महाऊस बांधलं आणि कुंपण घालताना जनावरांची वाट आत घेतली. वास्तुशांतीला बबनराव प्रमुख पाहुणे. पोटभर जेवले, नारळ-शाल घेतली आणि आभार मानायला उभे राहून म्हणाले, “जेवान झकास झालं. आता जनावरांची वाट तेवढी सोडा.” मालकाचा चेहरा उतरला, पण वाट सुटली. परत येताना मी म्हटलं, अहो, हे बाजूला घेऊन सांगता आलं असतं की. तर म्हणे, “बाजूला सांगितलेलं बाजूलाच ऱ्हातंय, पाव्हणं.”

आमच्या भागात दशक्रियेला भाषणं होतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. नदीकाठच्या घाटावर मंडप, प्रवचन आणि मग पुढाऱ्यांची रांग. गेलेला माणूस कसाही असो, माइकवर तो देवमाणूस होतो. बबनरावांना हे जमायचं नाही. गावातल्या एका पट्टीच्या दारुड्याच्या दहाव्याला ते म्हणाले होते, “प्यायचा. लई प्यायचा. पन कुनाच्या हिरीवरची मोटार बंद पडली तर रात्री-अपरात्री उठून यायचा, ते तुमी इसरू नका.” त्या घरची माणसं त्या दोन वाक्यांनी जेवढी रडली, तेवढी तासाभराच्या प्रवचनानं रडली नव्हती. म्हणून त्यांना दशक्रियेला बोलायला मुद्दाम बोलावत.

शंकरशेठ वारले तेव्हाही बोलावलं. शेठ जमिनीचे एजंट. खोऱ्यातली निम्मीअर्धी जमीन त्यांच्या हातून पुण्या-मुंबईच्या लोकांकडे गेलेली. गाव त्यांच्याच गाडीतून नोंदणी कचेरीत जायचं आणि पैसे उडाले की त्यांनाच शिव्या घालायचं. बबनराव आणि शेठ प्रत्येक निवडणुकीत समोरासमोर. त्या दिवशी मी तिथे होतो, तिसऱ्या-चौथ्या रांगेत. बबनराव माइकपाशी गेले आणि म्हणाले, “शंकरशेठ गेले, बरं झालं... असं म्हननारी मानसं आज हितं पुढं बसल्यात. मी त्यांच्यातला न्हाई. माझं आन् शेठचं उभ्या जन्मात पटलं न्हाई. पन शेठला शिव्या देनाऱ्यांनी एक सांगावं, खरेदीखतावर सही कुनाची व्हती? शेठनी गिऱ्हाईक आनलं. इकनारे आपनच व्हतो.” बायकांच्या बाजूला पहिल्याच ओळीत शेठच्या पत्नी, लीलाबाई, बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, हे मी पाहिलं.

निवडणूक तोंडावर आली आणि क्लिप निघाली. पाच-सात सेकंदांची. बबनराव माइकसमोर उभे आणि त्यांच्याच आवाजात, “शंकरशेठ गेले, बरं झालं.” बस. पुढचं कापलेलं. वर लिहिलेलं, ‘मेलेल्यालाही न सोडणारा नेता’. माण गावच्या भाडेकरूंपासून पौडच्या बाजारापर्यंत ती प्रत्येकाच्या हातात पोचली. तिकीट गेलं, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण शेठच्या मुलानं त्यांना दारातून परत पाठवलं. हे गेले होते पूर्ण वाक्य सांगायला. “आमी ऐकलंय तुमी काय बोल्ला ते,” असं म्हणून त्यानं फाटक लावून घेतलं. ते बबनरावांना लागलं. माझ्याकडे येऊन बसले आणि म्हणाले, “शब्द माझंच हायेत, न्हाई कुटं म्हनतो? पन बोलनं माझं न्हाई. ह्याला कायद्यात काय हाय का न्हाई?”

पौडला माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “राजकारणातल्या माणसानं टीका सोसायची असते, कोर्टही तेच म्हणेल. पण ही टीका नाही. वाक्य तोडून अर्थ उलटा केला आणि त्यानं तुमची अब्रू गेली, तर दावा होऊ शकतो. पुढारी आहात म्हणून तुम्हाला अब्रूच नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. फक्त ते म्हणतील, शब्द तुमचेच, आवाज तुमचाच. तुम्हाला पूर्ण वाक्य सिद्ध करावं लागेल.” शूटिंग शेठच्या मुलानं करून घेतलेलं, म्हणजे क्लिपही त्याच्याकडूनच निघालेली; पण पूर्ण शूटिंग त्याच्याकडून ‘उडालं’ होतं. मी म्हटलं, मी साक्ष देतो. बाई हसल्या. “साडूची साक्ष? नातेवाइकाला ते पहिल्याच प्रश्नात उडवतील. बाहेरची माणसं आणा. एवढा मंडप भरला होता ना?”

मंडप भरला होता, हो. मग आम्ही दारोदार हिंडलो. आणि काय सांगू तुम्हाला... एकजात सगळे बहिरे निघाले. कुणी म्हणे, “मी मागं बसलो व्हतो, ऐकू आलं न्हाई.” त्या कर्ण्यांचा आवाज नदीपलीकडे जात होता. कुणी नेमका चपला ठेवायला गेला होता. कुणाला फोन आला होता. एक सोसायटीचा माजी चेअरमन, ज्याच्या पोराला बबनरावांनी उरवड्याच्या कारखान्यात चिकटवलं, तो म्हणाला, “तुमी बोल्ला आसाल चांगलंच, पन मला आता याद न्हाई.” चहा मात्र प्रत्येकानं पाजला. मला आधी वाटलं, शेठच्या मुलाला घाबरतात. कसचं काय! साक्ष द्यायची म्हणजे पूर्ण वाक्य बोलावं लागणार, कोर्टात, नाव-गाव सांगून. म्हणजे ‘इकनारे आपनच व्हतो’ हेही आलंच. ते कुणाला उच्चारायचं होतं? तुटलेल्या वाक्यात एकटे बबनराव वाईट ठरत होते. पूर्ण वाक्यात सगळं गाव. सोय बघितली लोकांनी आपली. मेल्या माणसाच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणे. इथे जित्याच्या खाल्लं.

वकीलबाई म्हणाल्या, लीलाबाईंना बोलवू या, त्या पहिल्या रांगेत होत्या. बबनराव खवळले. “तिचा मालक गेलाय. तिला मी पिंजऱ्यात हुबं करू, पोराच्या इरोधात? अब्रू माझी गेली तर जाऊ द्या.” शेठच्या मुलाला नोटीस पाठवली होती, दावा दाखल करायचा राहिला तो राहिलाच. पुढे त्यांना कुणी दशक्रियेला बोलायला बोलावलं नाही. ते जायचे, मागे बसायचे, उठून यायचे.

ते गेल्यावर मी बाईंना फोन केला, आता सुमनला दावा करता येईल का? म्हणाल्या, “नाही हो. अब्रूनुकसानीच्या भरपाईचा हक्क माणसाबरोबर जातो. वारसांना तो मिळत नाही.” मुळशीत गुंठाभर जमिनीला पंधरा वारस लागतात. अब्रूला एकही नाही.

दशक्रियेला भाषणं नकोत, असं सुमननं बजावलं होतं. तरी मंडपवाल्यानं माइक लावलाच आणि पुढाऱ्यांनी तो धरलाच. ‘स्पष्टवक्ता’, ‘सत्याची कास’, ‘निर्भीड आवाज’... मागं बसल्यामुळे ज्यांना ऐकू आलं नव्हतं, ते एकेक करून पुढे येऊन हे बोलत होते. तेवढ्यात बायकांतून लीलाबाई उठल्या. आमच्याकडे बायका माइकवर जात नाहीत. त्या गेल्या. म्हणाल्या, “माझ्या मालकाच्या दहाव्याला बबनभाऊ काय बोल्ले, ते मी पुढं बसून ऐकलंय. पोरगा गप बस म्हनला, मी गप बसले.” आणि त्यांनी ते सगळं म्हटलं. पहिल्या शब्दापासून ‘इकनारे आपनच व्हतो’पर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी मान वळवून मंडप बघत होतो. बारशापासून बाराव्यापर्यंत सगळ्याचं शूटिंग करणारी ती माणसं... एकाचाही मोबाईल वर गेला नाही. संध्याकाळी ग्रुपवर मंडपाचे फोटो आले, पुढाऱ्यांचे आले, पंगतीचे आले. लीलाबाई कुठेच नव्हत्या.

गेल्या आठवड्यात मी आणि बायको रिह्याला गेलो. सुमन ओसरीवर एकटीच तांदूळ निवडत होती, सूप मांडीवर आणि फोन कानाशी. मी जवळ गेलो तर फोनमधून बबनरावांचाच आवाज. तीच क्लिप. ती संपली की सुमन पुन्हा लावत होती. मी म्हटलं, अगं, हे काय ऐकतेस? कशाला ठेवलीस ही घाण?

“पुसू कशी, दाजी?” ती म्हणाली. “ह्यांची भाषनं समद्यांनी ऐकली, पन आमी घरच्यांनी ह्यांचा आवाज फोनात कंदी भरून ठेवला न्हाई. घरात एवढाच हाय.”

मी बायकोकडे बघितलं. माझ्या फोनमधली ती क्लिप मी तेव्हाच चिडून पुसून टाकली होती.

“मला पाठव ती,” मी सुमनला म्हटलं.