सुमनबाईंनी सांगितलेलं माझं म्हणणं

प्रिय ईरा आणि निहार, सुमनबाई गेल्याचं त्यांच्या मुलाने सकाळी फोनवर सांगितलं, तेव्हा मी आखाजीच्या वर्गाच्या सूचना कागदावर उतरवत होते. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, हेही मला त्यांनीच शिकवलेलं. रात्री छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं... मी पेनाचं टोपण लावलं.

अकरा वर्षं आम्ही दोघी मिळून गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतल्या मंदिराच्या हॉलमध्ये सणाआधी वर्ग घ्यायचो. सणाचा स्वयंपाक घरीच करावा, पण तो बाधू नये, एवढाच विषय. मी होमसायन्सची निवृत्त शिक्षिका, सातारची, इंग्रजी शाळेत शिकलेली. सुमनबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या, मूळच्या धुळ्याकडच्या. बहुतेक बायकांची घरं लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या मजुरीवर चालणारी, बोली अहिराणी. पहिल्याच वर्गात मी जंतूंवर वीस मिनिटं बोलले, तेव्हा सुमनबाई मागून उठून पुढे आल्या. "मॅडम, तुमचं मराठी पुस्तकातलं. बायांना झोप येऊन राहिली. तुम्ही बोला, मी आमच्या बोलीत सांगते." तेव्हापासून मी एक वाक्य बोलायचे आणि त्या ते अहिराणीत सांगायच्या. मला अहिराणी फारशी कळत नाही. कधी माझं वाक्य चार शब्दांचं असे आणि त्यांचं संपता संपत नसे; बायका खुदुखुदु हसत. मी विचारलं की म्हणायच्या, "तुमच्या भाषेत मीठ कमी, मॅडम. मला वरून घालावं लागतं." घरी परतताना रिक्षात मी दर वेळी विचारायचे, सगळं नीट सांगितलंत ना? "अक्षर न् अक्षर, मॅडम. बराबर."

त्यांच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी मी गोडादऱ्याला गेले. पंगती उठल्यावर विमलबाईंची नवी सून, रूपाली, माझ्याजवळ येऊन बसली. विमलबाई म्हणजे आमच्या पहिल्या वर्गापासूनच्या विद्यार्थिनी. पोर कौतुकाने म्हणाली, "मॅडम, तुमचं म्हणणं आमच्या सासूबाई घरात रोज ऐकवतात. मॅडम म्हनतस, जितलं खाशात तितलंच रांधा, उरनं ते लगेच शेजारले दी टाका. आणि तळणाचं तेल गाळून दोन दिवसांत भाजीला संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका." मी गोंधळले. मी म्हटलं, मी तर सांगते, उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि तळणाचं तेल टाकून द्या. विमलबाईंनी सुनेला कोपराने ढोसलं. "गप ना वं!"

मी घरी आले आणि चष्मा काढून ठेवला. पोरांनो, मला रडू आलं ते सुमनबाई गेल्या म्हणून नव्हे. अकरा वर्षं ही बाई माझ्या शेजारी बसून, माझ्या नावावर, मी न बोललेलं सांगत होती. माझ्या घरी जेवत होती, माझ्या आजारपणात पेज करून आणत होती आणि रिक्षात माझ्या तोंडावर खोटं बोलत होती. ज्या वर्गांविषयी मी तुम्हांला एवढ्या अभिमानाने लिहीत आले, ते माझे नव्हतेच. त्यांचं सांगणं चूक होतं का? नाही. ज्या खोलीत फ्रीज नाही तिथे तेच बरोबर होतं. पण मग मला का नाही सांगायचं? मी बदलले नसते का?

आता प्रश्न होता आखाजीच्या वर्गाचा. गप्प राहावं, तर दुसरीच्या शहाणपणावर माझं नाव. खरं सांगावं, तर गेलेल्या बाईला तिच्याच माणसांत खोटं पाडायचं. दोन आठवडे मी याच विचारात होते. शेवटी गेले, उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्ही घरी जे पाळता, ते मी सांगितलेलं नाही. ते सुमनबाईंचं होतं."

कोणी चकित झालं नाही. विमलबाई पदराने घाम टिपत म्हणाल्या, "मॅडम, ते आम्हाले ठाऊकच व्हतं. तुम्ही फ्रीज म्हणायच्या. फ्रीज काय अहिराणीत वेगळा असतो का?"

सगळ्या हसल्या. म्हणजे हॉलभर माहीत होतं, अकरा वर्षं, मी सोडून. मी विचारलं, मग मला एकीनेही का नाही सांगितलं?

"सुमनबाईनी शपथ घातली होती," विमलबाई म्हणाल्या. "म्हणायची, मॅडमला कळलं तर त्या येणं बंद करतील. आणि त्या नाही आल्या तर आमची माणसं आम्हाला हॉलवर सोडतील का?"

पहिल्या वर्षी कळलं असतं, तर मी खरंच येणं बंद केलं असतं... हे त्या बाईने माझ्याआधी ओळखलं होतं, आणि याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो.

"आणखी काय काय बदललं होतं त्यांनी?" मी विचारलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "जाऊ द्या ना, मॅडम," विमलबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हशा पिकला. कोणी सांगितलं नाही.

मग मी वर्ग सुरू केला. पहिलं वाक्य बोलले आणि सवयीने थांबले. शेजारच्या खुर्चीत कोणी नव्हतं. तरी बायका तिकडेच पाहत होत्या, आणि मीही.