निवृत्तीच्या बोटीचा पाय

धरणाच्या घाटावर निवृत्ती तुम्हाला भेटला तर तो आधी तुमच्या चपलांकडे बघेल, मग तोंडाकडे. चपला नव्या असतील तर नुसतं "हातात घ्या" म्हणेल. रामराम-नमस्कार त्याला जमत नाही. बोटीत चढणाऱ्या म्हाताऱ्यांना तो हात देतो, पण बघतो दुसरीकडेच. कुणी आभार मानू नयेत म्हणून असावं.

धरण झालं तेव्हा गाडेवस्ती पाण्याच्या पलीकडे राहिली. बाजार, दवाखाना, शाळा, सगळं अलीकडे. रस्त्याने यायचं तर अर्ध्या धरणाला वळसा. म्हणून वस्तीने कोकणातून एक जुनी बोट आणवली, समुद्रावर पाहुण्यांना हिंडवून थकलेली. तिचं इंजिन आत, मागच्या बाजूला झाकणाखाली. मागच्या फळीबाहेर एक जाडजूड धातूचा पाय पाण्यात सोडलेला आणि त्याच्या टोकाला पंखा. पाय किती तिरका ठेवायचा ते एका खिळीवर ठरायचं, आणि खीळ बदलायची तर इंजिन बंद करून मागे ओणवं व्हावं लागे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हा पाय काळ्या गाळात रुते, बोट घाटापासून लांबच थांबे आणि माणसं गुडघाभर चिखल तुडवत काठाला लागत. चपला हातात घ्यायच्या त्या यासाठी.

यंदा वस्तीच्या बैठकीत शेखर उठला. तरणा पोरगा, बोलायला धीट.

"अखजीपर्यंत ही बोट घाटाले लागली त ठीक," अक्षय्य तृतीयेची मुदत घालत तो म्हणाला. "नाही त भंगारात देऊन टाका. मी नवी हलकी बोट आणतो, न चालवतोही मीच."

कुणी नाही म्हटलं नाही.  निवृत्तीचं शेत ह्याच पाण्याखाली होतं. रोज तो बोट त्याच्यावरूनच नेत असे. बोटीच्या सुकाणूचं चाक गेलं तर त्याच्या हातात धरण्यासारखं दुसरं काही उरत नव्हतं.

उपाय त्याला ठाऊक होता. नव्या बोटींना पावर ट्रिम असतं. बटण दाबलं की तेलाच्या जोराने जॅक सरकतो आणि चालत्या बोटीचा पाय हवा तेवढा वर उचलतो. पण इतक्या जुन्या पायाला बसणारं तयार सामान आता मिळत नव्हतं. ते कुणीतरी जुळवायला हवं होतं, आणि तेलाच्या जॅकमधला माणूस त्या भागात एकच, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारा सुलतानपूरचा वकार.

नेमकं त्याचंच नाव निवृत्ती तोंडाने घेत नसे.

वकारचे वडील फकीर मोहम्मद हे निवृत्तीचे उस्ताद. त्यांच्या दुकानात निवृत्तीने उमेदीची वर्षं काढली, इंजिन उघडायला आणि जोडायला तिथेच शिकला. उस्तादांची एक रीत होती. काम चालू असताना पाना ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. पण मशीन चालू करायच्या आधी ते हात पुसत आणि प्रत्येकाला, अगदी गिऱ्हाइकालाही, नाव घेऊन विचारत, "काही राह्यलं का?" सगळ्यांनी नाही म्हटल्यावरच मशीन सुरू व्हायची.

उस्ताद गेले आणि वकारने दुकानाचं कुलूप बदललं. निवृत्तीच्या हत्यारांची पेटी त्याने एका अनोळखी रिक्षावाल्याबरोबर घरी पाठवून दिली. सोबत निरोप नाही, कारण नाही. निवृत्तीने ती पेटी आजवर उघडलेली नाही.

शेवटी वकारकडे गेली ती तानाबाई. वस्तीवरचं दही ती रोज बोटीने अलीकडे आणून विकते, आणि तिचे गुडघे चिखलात चालण्याजोगे राहिलेले नाहीत. तिने वकारला काय सांगितलं कुणास ठाऊक. पण एका सकाळी त्याची मोटारसायकल घाटावर उभी राहिली.

"तानामायसाठी आलो," खाली उतरता उतरताच तो म्हणाला. "तुह्यासाठी नाही."

"मी बोलावलंच नव्हतं," निवृत्ती म्हणाला.

"मंग बरं झालं. काम होईस्तोवर तोंड उघडू नको. लय इंजिनवाला समजतो सोताले."

"तू तुह्यं पाह्य. बोट हाय ही, ट्रॉली नव्हे."

"तेल तेच न जॅकही तोच बे. तुले काय समजते त्यातलं?"

दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर दिवस काढत आणि बोलत तानाबाईमार्फत. "त्याले सांग, पाना दे." "त्याले सांग, मागच्या डब्यात हाय." तानाबाई एकदा वैतागून म्हणाली, "मी काय टेलिफोन हाओ का तुमचा?" त्यावर दोघांनाही हसू आलं होतं. दोघांनीही ते गिळलं.

वकारने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे दोन लहान जॅक पायाच्या दोन्ही अंगांना बसवले. ट्रॉलीचा जॅक तेलाने वर जातो आणि ओझ्याने आपोआप खाली बसतो. पायालाही वजन आहे, तोही बसेल, असा त्याचा हिशेब. पण पायाखाली एक लोखंडी आकडा होता. उलटा गिअर टाकला की तो आपोआप अडकायचा. पाय उचलायला तो आड येत होता. वकारने तो काढला आणि बाजूला फेकला.

निवृत्तीने ते पाहिलं.

तो आकडा कशासाठी असतो हे त्याला ठाऊक होतं. मागे एका वर्षी त्याची स्प्रिंग तुटली होती. उलट्या गिअरमध्ये पंखा बोटीला मागे ओढतो, तसाच पायालाही ओढतो, आणि त्याला खाली धरून ठेवणारं काही नसलं तर पाय सरळ पाण्याबाहेर येतो. मग ब्रेक नसलेल्या गाडीसारखी बोट पुढेच जात राहते. त्या वेळी त्याने लांब बांबू रोवून ती कशीबशी थांबवली होती.

तोंड उघडू नको, म्हणाला होता ना? नाही उघडत.

चाचणीला घाटावर गर्दी जमली. शेखर हाताची घडी घालून उभा. तानाबाई डब्यांसकट बोटीत बसूनच राहिली. "माह्या बोलावण्यानं आला तो, त मीच आधी बसणार," तिचं म्हणणं. वकारने पाय ठेवायला जागा हवी म्हणून बोटीतलं अडगळीचं सामान काठावर टाकलं, हात पुसले, आणि वडिलांसारखंच विचारलं,

"तानामाय, काही राह्यलं का?"

"नाही बाप्पा."

 त्याने निवृत्तीकडे बघितलं नाही, पण रीत मोडली नाही. "निवृत्ती, काही राह्यलं का?"

आकड्याचं सांगून टाकावं असं निवृत्तीच्या मनात आलं. त्याला पेटी आठवली, दारात ठेवून निघून गेलेला तो रिक्षावाला आठवला.

"काही नाही," तो म्हणाला.

आत खोल पाण्यात एकदा उलटा गिअर टाकायचा, पंखा हवेत बोंबलू द्यायचा, सगळ्या गावासमोर वकारचं तोंड उतरलेलं बघायचं, मग परत येताना बांबूने बोट थांबवून काठाला लावायची. एवढंच त्याच्या मनात होतं. आपली बोट त्यात भंगारात जाईल हेही त्याला कळत होतं. त्या घडीला त्याला त्याचं काही वाटलं नाही.

बोट निघाली. वकारने बटण दाबलं, पाय हळूच वर आला आणि ज्या गाळाने इतकी वर्षं छळलं त्याच्यावरून बोट तरंगत गेली. काठावर टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांनीच निवृत्तीचं डोकं फिरलं. खोल पाण्यात जायचं सोडून त्याने बोट वळवली आणि सरळ घाटावर घातली, टाळ्या वाजवणाऱ्यांच्या समोर.

दगडी पायऱ्या जवळ आल्या तेव्हा त्याने एका हाताने उलटा गिअर टाकला. दुसरा हात बांबूसाठी मागे गेला.

बांबू नव्हता. वकारने काठावर टाकलेल्या सामानातच तो पडला होता.

पाय पाण्याबाहेर आला, पंखा किंचाळला आणि बोट पायऱ्यांवर चढली. तानाबाई डब्यांवर आपटली. तिचा उजवा हात मनगटात मोडला. सगळ्या बोटीत दही झालं.

तिला दवाखान्यात नेल्यावर शेखरने सगळ्यांसमोर विचारलं, "चूक कोणाची?"

"माही," वकार म्हणाला. "ट्रॉलीचा जॅक लावला. तो नुसता उचलते, दाबून धरत नाही. आकडा काढला त त्याच्या जाग्यावर दोन्हीकडून तेलाचा जोर असणारा जॅक पाह्यजे होता. मले सुचलं नाही."

"न निवृत्ती?"

"त्याचं काय? त्यानं त बोट चालवली."

लोक पांगले. निवृत्ती बोटीच्या फुटलेल्या पुढच्या टोकापाशी बसून होता. वकार हत्यारं आवरत त्याच्याजवळ आला.

"तुले माहीत होतं."

निवृत्तीने फुटक्या फळीचा लोंबता तुकडा उपटून काढला.

"पाय उचलाच्या आधी तुहा हात मागं गेला. बांबू पाह्यत होता तू."

"हाव," निवृत्ती म्हणाला. "माहीत होतं. मंग सांगून टाकायचं ना सगळ्याईले!"

"काऊन सांगू? सांगतलं त चार शिव्या खाशीन न मोकळा होशीन. मी मोकळा नाही करत तुले." त्याने पाने पेटीत टाकले. "अब्बा असते त तानामायच्या हाताकडे पाहून काय म्हणले असते, ते तू पाह्यत बस."

वकारने बोट टाकून दिली नाही. जुन्या लोडर मशीनचे दोनतोंडी जॅक शोधून आणले, जॅक अडकवायचे पायाचे कान नव्याने वेल्डिंग केले, फुटलेलं टोक जोडलं. तानाबाईमार्फत बोलणंही आता बंद होतं. ती घरी होती, हात गळ्यात बांधून. निवृत्ती रोज तिच्या म्हशींची धार काढून देई आणि न बसता परत येई. खरं काय ते तिला सांगायला तो दोनदा दारापर्यंत गेला होता.

अखजीच्या आदल्या दिवशी दुसरी चाचणी झाली. तानाबाई प्लास्टर घातलेल्या हातानिशी आली आणि पुन्हा आपल्याच जागी बसली. वकारने हात पुसले.

"तानामाय, काही राह्यलं का?"

"नाही."

"शेखर, तू सांग. काही राह्यलं?"

"मी काय सांगू? नाही."

काठावरच्या आणखी दोघातिघांना त्याने नावं घेऊन विचारलं. मग पंच्याने हात पुन्हा पुसले, निवृत्तीकडे पाठ केली आणि म्हणाला, "चालू करा."

निवृत्तीचा हात किल्लीवर होता. तेलाची एक नळी मागच्या फळीच्या कडेला घासत होती. आज नाही, पण महिन्याभरात ती तिथेच फुटणार आणि पाय पुन्हा मोकळा होणार. त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. उस्तादांच्या दुकानात न विचारता कुणी बोलत नसे.

"वकार," तो म्हणाला. किती वर्षांनी त्याने हे नाव घेतलं होतं. "उजवी नळी फळीले घासून राह्यली."

वकारने वळून बघितलं नाही. वाकून नळीवरून बोट फिरवलं. मग खिशातून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला, नळीला गुंडाळून तारेने आवळला आणि बोटीतून उतरून मोटारसायकलकडे निघून गेला. चाचणी बघायला तो थांबला नाही.

बोट गाळावरून गेली, वळली, घाटाला आली. निवृत्तीने उलटा गिअर टाकला. पाय जागचा हलला नाही. पायऱ्यांशी बोट अशी थांबली की तानाबाईच्या डब्यांची झाकणंही वाजली नाहीत.

"चाक राहू द्या त्याच्याजवळच," शेखर पडेल आवाजात म्हणाला.

लोक कोरड्या चपलांनी दगडावर उतरू लागले. तानाबाई शेवटी उठली. निवृत्तीने तिला हात दिला, आणि या वेळी दुसरीकडे बघितलं नाही.

"तानामाय," तो म्हणाला, "थोडं बस. तुले एक सांगाचं हाय."