मा झेफरिनच्या अळवाचा थेंब

फटकळ मा झेफरिन बोलायला लागली की आमच्या डोमिनिकातल्या या डोंगरगावात माणसं वाट बदलतात. मी तिचा शेजारी, वाट बदलणाऱ्यांत पहिला. तरी सांगतो, ती आमच्या गावची आहे याचा मला अभिमान आहे.

वादळानंतर नदी चार दिवस आमच्या रानांत होती. पाणी ओसरलं तेव्हा अळवाची पानं पिवळी पडून गाळात लोळत होती, प्रत्येक रोपाचं मधलं कोवळं पान तेवढं उभं होतं. शेतकरी सोसायटीचा तपासनीस अल्फियस लाल रंगाचा डबा घेऊन आला. वर हिरवं दिसलं तरी जमिनीतले अळवाचे कांदे कुजलेत, कुज पसरण्याआधी उपटून जाळा, म्हणाला, आणि जाळायच्या रानांच्या बांधाबांधावर लाल खुणा करत सुटला. आमचं पांढरं अळू दुसऱ्या कुठल्या खोऱ्यात नाही. ते जळलं असतं तर पुढच्या लावणीला एक कोंबही मिळाला नसता.

मी माझं रान त्याच दिवशी उपटून जाळलं. शिकलेल्या माणसाशी कोण हुज्जत घालणार?

झेफरिन मात्र कोयता घेऊन बांधावर बसली. "उद्या उजाडताना ये," ती अल्फियसला म्हणाली. "तोवर माझ्या बांधावर डबा उघडायचा नाही."

"उद्या काय वेगळं दिसणार आहे, मा?"

"तुला दिसेल की नाही, सांगता येत नाही. पण असेल."

सकाळी मीही गेलो, गंमत बघायला. आभाळ रात्रभर भरलेलं होतं, त्यामुळे पत्र्यावर, दगडावर, कोयत्याच्या पात्यावर कुठेच दव नव्हतं. पण रानातल्या बऱ्याचशा कोवळ्या पानांच्या टोकाला एकेक टपोरा थेंब लोंबत होता.

"दव आहे," अल्फियस हसला. "ते मेलेल्या पानावरही पडतं."

"मग दगडाशी काय भांडण आहे त्याचं? दव हवेतून येतं. हे पाणी खालून आलंय. मूळ रात्रभर ओढतं, पानाला जास्त झालं की टोकातून गळतं. पटत नसेल तर ऐक. काल संध्याकाळी तीन पानं कापून मी या मधल्या ओळीत रोवलीत. थेंबावरून ओळखून काढून दाखव."

अल्फियस वाकून ओळभर फिरला. थेंब नसलेली पानं चार निघाली. तीन नुसती हातात आली, खाली काहीच नव्हतं. चौथ्याबरोबर कांदा आला, काळा, पिचपिचीत, घाण मारणारा.

"हे माझं नव्हे," झेफरिन म्हणाली. "हे खरंच मेलंय. हे जाळ."

अल्फियसने तो कांदा जाळायला बाजूला ठेवला. मग बाकीच्या ओळी त्याने स्वतःच तपासल्या, एकेका टोकाखाली बोट धरून. तीन भागांतले दोन भाग जिवंत होते. मेलेली रोपं झेफरिनने त्याच्यासमोर आपल्या हाताने उपटली. आठवडाभर तो रोज सकाळी उरलेल्या रानांत वाकून फिरत होता, आणि डबा मात्र गाडीतच होता. मला तर छाती फुगवून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं, आणि माझ्या रानातली राख आठवली की तोंड लपवावंसं वाटत होतं.

लावणीच्या वेळी तिच्या बांधावर कोंबांसाठी रांग लागली. मी लाजून सगळ्यांच्या मागे उभा होतो. तिने मान वर केली.

"तू पुढे ये," ती म्हणाली. "तुझ्याकडे तर काहीच उरलं नाही."