बैठकीतली अट

"आधी तुमी बोला, शेट."

हातातली मेथीची जुडी तिनं पाठीमागे धरायची, मान तिरकी करायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. मी भाव बोललो की काळजीच्या सुरात विचारायची, "घरी समदी बरी हाईत ना? न्हाई, असा भाव माणूस तापात बोलतो."

भोंगवली-किकवीच्या पट्ट्यात मी सायकलवरून भाजी गोळा करायला लागलो, आता माझा टेम्पो आहे. या धंद्यात मला नमवणारी माणसं थोडी. त्यांतली ही एक. किकवीची. मी तिला वहिनी म्हणायचो आणि रोज भांडायचो. तुम्ही पुणे-सातारा हायवेनं जात असाल तर कधीतरी आम्हाला पाहून, आता हाणामारी होणार म्हणून गाडी हळूही केली असेल.

एक गोष्ट मात्र गाडीतून दिसली नसती. ती अंगाला कुणाचा हात लागू द्यायची नाही. एकदा टेम्पोत चढताना माझ्या बायकोनं आधाराला तिचा दंड धरला, तर ही अशी किंचाळली की बायकोला वाटलं हिला विंचू चावला.

"कुठं दुखतंय?" मी विचारलं.

"कुठं दुखत न्हाई ते इचारा."

सगळं अंग. कित्येक वर्षं. बांगड्या भरताना कासारानं हात दाबला तरी डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून तिनं काचेच्या बांगड्याच सोडल्या होत्या आणि त्यावरून गावातल्या बायकांची बोलणी खात होती. सासूच्या मते हा कामाचा कंटाळा. देवऋषी लिंबू उतरवून गेला. डॉक्टर ताकदीच्या गोळ्या द्यायचे.

"रिपोर्ट चांगलं आलं की मला रडू येतं, शेट," ती एकदा म्हणाली. "लोकं म्हणत्यात, पेढं वाट."

त्या दिवशी मी भाव न करता मेथी उचलली. तीच भडकली. "कीव नगं. बोला!"

शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिचं नीट ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, दुखणं खोटं नाही. मेंदू साध्या स्पर्शाचाही आवाज फार मोठा करून ऐकतोय. तो आवाज उतरवायला डोक्यावर बाहेरून चुंबकाचं मशीन धरायचं. कापाकापी नाही, भूल नाही. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आला तरी टिकवायला अधूनमधून पुन्हा यावं लागतं. काही आठवडे रोज या.

रोज पुण्याला जाणारा मीच. मार्केटात माल उतरवून मी तिला दवाखान्यात सोडायचो. पहिल्या दिवशी दारातून आत पाहिलं आणि हादरलो. दोन भाकऱ्या शेजारी-शेजारी चिकटवाव्यात तसं काहीतरी तिच्या डोक्याला टेकवलेलं आणि टकटकटक आवाज. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सुतारपक्षी बसल्यावानी वाटतं. बसू दे. बाकीच्यांनी तरी काय कमी टोचलंय?"

मला विश्वास नव्हता. मी दुसऱ्याच्या मालावर सहजी विश्वास ठेवत नाही. पण काही आठवड्यांनी एका सकाळी ती टेम्पोपाशी आली आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. मनगटभर हिरव्या बांगड्या.

"दुखलं न्हाई?"

"दुखलं. पर माणसाला दुखतं तेवढंच."

मी त्या दिवशी शिरवळच्या दिशेला टेम्पो काढला. पुणं दुसरीकडे आहे हे तिनं सांगितल्यावर कळलं.

याच सुमाराला तिच्या मुलीचं वेल्ह्याकडच्या एका घरी जमत आलं होतं. मुलगा चांगला, मुलीच्या मनातला. देण्याघेण्याच्या बैठकीला तिनं मला नेलं. "तुमच्याएवढं तोंड आमच्यात कुणाचं न्हाई," म्हणाली. मीही कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

चहा झाला आणि मुलाच्या मामानं घसा साफ केला. त्यांच्या नात्यातल्या कुणीतरी हिला दवाखान्यात बाकावर बसलेली पाहिलं होतं. ते मशीन मानसोपचार विभागात होतं आणि बाकाच्या वर तसा बोर्ड.

"डोक्याला मशीन लावत्यात म्हणं," मामा म्हणाला. "उद्या पोरीत उतरलं तर? आमचं येवढंच म्हणणं, ते समदं बंद करा. मग आमी तयार."

मी उसळलो. "अहो, बाई वेडी नाही! अंग दुखतं तिचं. तिथल्या डॉक्टरांना—"

"शेट, तुमी गप ऱ्हावा," ती म्हणाली. मग मामाकडे बघून, "बंद केलं."

बस्स. एकेका जुडीच्या भावासाठी मला घाम फोडणारी बाई. मान तिरकी केली नाही, समोरच्याला पुन्हा बोलायला लावलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळालेला आराम तिनं पहिल्याच बोलीला देऊन टाकला. मी बैठकीतून उठून गेलो. मला भाव करायला नेलं आणि तोंड उघडू दिलं नाही, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

लग्नाआधीच दुखणं परतलं. लग्नानंतर मी म्हटलं, आता चला. ती म्हणाली, पोरीचा पहिला दिवाळसण होऊ दे. मग म्हणाली, पोरीला दिवस गेलेत, आत्ता नको. हल्ली ती हायवेवर येत नाही. तिचा दीर मेथी आणतो आणि मी बोलेन तो भाव घेतो.

मला अजून डोळ्यांसमोर दिसते ती लग्नातली पाठवणी. मुलगी गाडीपाशी आली, सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि आईसमोर येऊन हातभर लांब थांबली. लहानपणापासून तिला तेवढंच अंतर माहीत. वेल्ह्याकडच्या बायका कुजबुजल्या, "मायलेकींचं पटत न्हाई वाटतं."

ते ऐकून की काय, हिनंच पुढं होऊन मुलीला ओढलं आणि कवटाळलं. मुलगी घाबरून आईचे हात सोडवू लागली. "आई, सोड. अगं, दुखंल तुला."

आईनं जबडा आवळला, डोळे मिटले आणि मिठी आणखी घट्ट केली.