मुंडाशातले फ्यूज

“फ्यूज सारखा उडतोय तर जाड तार घाल की!”

“आवं मालक, मग फ्यूज टिकंल, पण आतली मोटार जळंल. भुश्याला आग लागंल!”

“तर उद्यापास्नं येऊ नगंस!”

सांगलीच्या लाकूड वखारीचे मालक लालासाहेब गरजले. १९४६ साल होतं. भुसा ओढणारा पंखा सकाळपासून बंद, करवतीपाशी माणसं खोकत होती. त्यांच्याशी वाद घालणारा बिराप्पा कवठे महांकाळचा धनगर, वीजकाम पलटणीत शिकलेला. त्याने मेन स्विचचा दांडा खाली पाडला, चिनी मातीचे तिन्ही फ्यूज उपसले आणि मेंढरांमागं जाताना तंबाखूची चंची खोचायचा तसे मुंडाशात खोचले. तारांना चाचणीचा दिवा जोडून वीज नसल्याची खात्री केली, मगच तारा चाचपल्या. पत्र्याच्या नळीला घासून एक तार उघडी पडली होती. तीच त्याच्या बोटांत असताना लालासाहेबांनी अधीरपणे मेनचा दांडा वर केला.

काहीच झालं नाही. फ्यूज मुंडाशातच होते.

बिराप्पाने दांडा खाली घेतला, तार बदलली, फ्यूज बसवले. पंखा घोंघावला, भुसा सरसर नळीत शिरला.

“लय झ्याक, गड्या!” माणसं ओरडली.

पुढं वीस वर्षं वखारीची वीज बिराप्पाच सांभाळणार होता. त्या दुपारी मात्र त्याने एवढंच विचारलं, “मालक, माझ्या हातात तार हाय, हे दिसलं न्हवतं व्हय?”

लालासाहेब बाहेर निघून गेले.