पन्नास हजार नाण्यांचं गाजर

माझी वहिनी एका ऑनलाइन खेळाच्या कंपनीत काम करते. खेळ शेतीचा. पेरायचं, पिकवायचं, खेळातल्या बाजारात विकायचं आणि मिळालेल्या नाण्यांनी आणखी जमीन घ्यायची. नाणी कमी पडली तर ती फक्त कंपनीकडूनच विकत घ्यायची, असा नियम. पण काही जण शेकडो खोटी खाती उघडून नाणी जमवतात आणि बाहेरच्या बाहेर स्वस्तात विकतात. त्यांना हुडकून खाती बंद करणं हे वहिनीचं काम. त्यातल्या एकाला तिने 'चिकट्या' नाव ठेवलं होतं. सकाळी हाकलला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत नव्या नावाने हजर.

साहेबांपुढे तिने कितीदा डोकं फोडलं. नवं खातं उघडताना थोडी तरी चौकशी करा, एवढंच मागणं.

"चौकशीला लोक कंटाळतात, बाई," साहेब म्हणायचे. "आम्हाला वर खेळाडूंचा आकडा दाखवायचा असतो."

एकदा ती चिकट्याचा माग काढत होती. नाणी सरळ पाठवली तर पकडली जातात, म्हणून त्याचं गिऱ्हाईक बाजारात काहीतरी फुटकळ मांडायचं आणि तो ते अव्वाच्या सव्वा भावाने उचलायचा. त्या दिवशी त्याने एक गाजर घेतलं होतं. पन्नास हजार नाण्यांना! विकणारीचं शेत वहिनीने पाहताक्षणी ओळखलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी आई पडून असायची, तेव्हा विरंगुळा म्हणून वहिनीनेच तिला ते लावून दिलं होतं.

घरी येऊन ती तडक आईच्या खोलीत गेली.

"आई, गाजर कुणाला विकलंत?"

"अगं, एक भला माणूस भेटला. निम्म्या किमतीत नाणी देतो. तुमच्या कंपनीसारखा लुटत नाही."

"अहो, चोर आहे तो!"

"मग त्याला पकड ना. माझ्या मागे का लागलीस?"

पण नियमाने अशी चोरटी नाणी विकत घेणाऱ्याचंही खातं बंद होतं. हे काम दुसऱ्याला द्या, माझी सासू आहे, असं तिने साहेबांना सांगितलं. "मग तर तूच कर, म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही," साहेब म्हणाले. तिने केलं. खात्याबरोबर आईचं सगळं शेत गेलं. आईने अबोला धरला. वहिनीला काही सांगायचं असलं की मला मध्ये घालायची.

चिकट्या दुसऱ्याच दिवशी परत आला. वहिनी तरातरा साहेबांकडे गेली. "तो मोकळा आणि आमच्या घरातली म्हातारी गुन्हेगार?" साहेबांनी नुसती मान हलवली आणि वाजणारा फोन उचलला. तिने बदली मागितली, तीही मिळाली नाही. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच रडली. माझ्याकडून सगळं कळलेली आई काठी टेकत आत आली.

"त्या मुडद्याला माझ्यासमोर आण एकदा," आई म्हणाली.

"कुणाला? चिकट्याला?"

"तुझ्या साहेबाला!"

वहिनीला रडता रडता हसू फुटलं. नोकरी मात्र तीच आहे. रोज ती वैतागून घरी येते, आणि साहेबाला शिव्या घालायचं काम आता आईने अंगावर घेतलंय.